भानुदासतात्यांची चिन्हं

एखाद्या गावची निवडणूक बिनविरोध झाली की गावात पेढे वाटले जातात, आणि कचेरीतले आम्ही कारकूनही एक काम वाचलं म्हणून खूश होतो. भानुदासतात्यांना मात्र सुतक लागायचं. बातमी कळली की ते हातातलं काम खाली ठेवायचे, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि दोन मिनिटं गप्प बसायचे. मग म्हणायचे, "गेलं की वो भाऊसाहेब. आख्खं गाव गेलं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घाबरून विचारलं, "कशानं गेलं?"

तात्या म्हणाले, "एकमतानं."

तात्या खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे. सोलापुरात नवी पेठेच्या मागं एका बोळात छापखाना होता, तिथं ते नोकरीला होते. एरवी तिथं लग्नपत्रिका, बिलबुकं आणि चादरींची लेबलं छापली जायची. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आधीच्या निवडणुकांसारख्याच त्या वर्षीही तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या मतपत्रिका तिथं छापून घ्यायचं ठरलं आणि छपाईवर नजर ठेवायला कचेरीनं मला धाडलं. मी नवा, त्यात हंगामी. "एक कागद जरी बाहेर गेला, तर निवडणूक रद्द होईल तेव्हा होईल, तुझी नोकरी आधी रद्द होईल," असं साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं. त्यामुळे मी दाराशी खुर्ची टाकून बसायचो आणि आल्यागेल्याकडे चोर असल्यासारखं बघायचो. चहावाल्याचीसुद्धा मी दोनदा झडती घेतली.

कुठल्याही गावाचं काम हातात आलं की तात्यांचा पहिला प्रश्न एकच. "उमेदवार किती?" नऊ म्हटलं की चेहरा फुलायचा. दोन म्हटलं की, "दोघंच? मंग पत्रिका कशापायी? नाणं उडवा म्हनावं." बरं, तात्यांचा पगार महिन्याचा. उमेदवार दोन असोत नाही तर बारा, त्यांना काही फरक पडत नव्हता. उलट बारा असले की काम वाढायचं. छापखान्याच्या मालकांना या हौसेचं कोडं पडलं होतं. मशीन चालवणारे इस्माईलभाई म्हणायचे, "उलटे अक्षर पढ पढ के तात्या का भेजाच उलटा हो गया."

निवडणुका टप्प्याटप्प्यानं होत्या. त्यातल्या एका टप्प्यात अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तर तात्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसले. मी कागद घ्यायला तिथं गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मंद्रूपकडचा एक पागोटंवाला बिचारा हातात अर्ज घेऊन चालला होता. तात्या आडवे गेले.

"कुटं निगालाव, पाव्हनं?"

"माघार घ्यायला."

"का?"

"पडतोय की मी."

"पडलं तर काय तंगडी मोडती व्हय? चिन्न कुठलं मागितलंय?"

"शिडी."

"शिडी मागून खाली उतरतायसा? लोक काय म्हंतील?"

तो गृहस्थ अर्जाची घडी घालून आल्या वाटेनं परत गेला. पुढे निवडणुकीत त्याला चार मतं पडली. घरातच सात मतदार होते. तो छापखाना शोधत आला आणि तात्यांना वाटेल ते बोलला. तात्यांनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला आणि म्हणाले, "घरातली चार मानसं तर पक्की कळली की. तेवढी बी कुनाला कळत न्हाईत."

तात्यांचा खरा जीव चिन्हांमध्ये. छापखान्यातले जुने ठसे झिजून गेले होते. घोडा तीन पायांचा उठायचा आणि कंदील हा कंदील आहे की लोटा, यावर मालकांचं आणि माझं भांडण झालं होतं. तात्यांनी सगळी चिन्हं नव्यानं कोरायला घेतली. लिनोलियमचा तुकडा लाकडावर चिकटवायचा, त्यावर उलटं चित्र काढायचं आणि शिंप्याकडून आणलेल्या मोडक्या कात्रीच्या पात्यानं ते कोरत बसायचं. यात त्यांचे कायदे होते. एक म्हणजे सगळी चिन्हं सारख्याच मापाची. हत्ती आणि चिमणी एकाच चौकटीत, एकाच उंचीची. मी म्हटलं, "तात्या, एवढी मोठी चिमणी?" तर म्हणाले, "बाहेर हत्ती मोठा आसंल. मतपत्रिकेवर दोघं बी सारखंच की. त्याच्यापायी तर समदा खटाटोप हाय."

दुसरा कायदा असा की प्रत्येक जनावराचं तोंड उमेदवाराच्या नावाकडेच पाहिजे. नाव डावीकडे, चिन्ह उजवीकडे. म्हणजे घोडा, कोंबडा, सिंह, सगळे डावीकडे बघणार. "मालकाला पाठ दावून उभारलेलं जनावर मी छापनार न्हाय," ते म्हणायचे. एकदा कोरताना उलटसुलटीचा हिशेब चुकला आणि सिंह बाहेरच्या बाजूला तोंड करून उठला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तात्यांनी जुळवून बसवलेला सगळा फर्मा मशीनवरून उतरवला आणि मशीन दीड दिवस बंद ठेवून नवा सिंह कोरला. मालक कपाळावर हात मारून घेत होते. उमेदवाराला याचा पत्ताही नव्हता.

अलीकडे त्यांनी आणखी एक खूळ काढलं होतं. स्वतः पक्के मराठी, पण चिन्हांना कानडी नावांनी हाका मारायचे. "इस्माईलभाई, ते कुदुरे द्या हिकडं." कुदुरे म्हणजे घोडा. छत्रीला कोडे, कोंबड्याला हुंजा. ठशांच्या खणांवरसुद्धा खडूनं हीच नावं लिहून ठेवलेली. इस्माईलभाई वैतागायचे. "तात्या, घोड्याकू घोडा बोलो ना. कुदुरे-कुदुरे कायकू लगाए?" तात्या हसायचे आणि पुन्हा कुदुरेच म्हणायचे. माझी समजूत अशी की निवडणुकीच्या दगदगीनं माणूस थोडा चळला असावा.

आता माझ्या अडचणीची गोष्ट. प्रत्येक पत्रिकेची तीन कच्ची प्रुफं निघायची. एक मी तपासायचो, एक फायलीला लागायचं, तिसरं संध्याकाळी माझ्यासमोर जाळायचं. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की जळणारे कागद एकानं कमी भरताहेत. रोज एक. मशीनखाली वाकून पाहिलं, कचऱ्याची टोपली उपडी केली, मालकांच्या गादीखालीसुद्धा हात घातला. काही नाही.

चोर सापडला तो एका बिनविरोध गावामुळे. तात्या दुपारी जेवायला घरी जायचे. त्या दिवशी ते परत आले आणि मागोमाग आमच्या शिपायानं निरोप आणला की अमुक गावातल्या सगळ्या विरोधकांनी माघार घेतली. तात्यांनी "गेलं" म्हणत नेहमीप्रमाणे टोपी काढली. त्यांना टक्कल होतं. त्या टकलावर, बरोबर मधोमध, एक घोडा छापलेला होता. ओल्या शाईचा. तोंड उजवीकडे, म्हणजे कागदावरून उलटा उठलेला.

इस्माईलभाईंनी तो पाहिला आणि तोंडात पदर कोंबावा तसं हातातलं फडकं कोंबून मशीनमागे पळाले. मी मात्र हसू शकलो नाही. तिसरं प्रूफ रोज या टोपीत बसून बाहेर जात होतं, हे मला कळून चुकलं. तात्या कुठल्या तरी उमेदवाराला विकले गेले असणार, दुसरं काय? कुणी तिकडे खोट्या पत्रिकाही छापत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या निघाले तसा मी सायकल घेऊन मागे गेलो. ते वाटेत कुणाशी बोलले नाहीत, कुठं थांबले नाहीत. गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत शिरले. दार उघडंच होतं. मी "पकडलं!" असं म्हणायच्या तयारीत उंबऱ्यावर उभा राहिलो, आणि तसाच राहिलो.

खाटेवर उशांना टेकून एक बाई बसली होती. तात्यांची बायको, गौरव्वा. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेले. तात्या समोर जमिनीवर बसले होते. प्रूफ हातात धरलेलं, नावांची बाजू दुमडून मागे घातलेली. समोर फक्त चिन्हं. तात्यांनी एका चिन्हावर बोट ठेवलं.

"कोडे," ती म्हणाली. जीभ जड होती.

"शाब्बास. आन् ह्ये?"

"कुदुरे."

"व्हय. कुदुरे. आन् ह्ये?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नायी."

मला वाटलं, ती नाही म्हणतेय. पण कानडीत नायी म्हणजे कुत्रा. तात्यांचा चेहरा उतरला. "न्हाय गं, सिंह हाय त्यो," असं म्हणताना त्यांची नजर माझ्याकडे गेली. घाबरतील, कागद लपवतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "बघा भाऊसाहेब, हिला कुत्रं दिसलं. माझीच चूक हाय. आयाळ कमी पडली."

"तात्या, हा गुन्हा आहे," मी म्हणालो. "माझी नोकरी जाईल, तुमची जाईल, वर खटला होईल तो वेगळाच."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "बसा की."

मी बसलो. गेल्या वर्षी गौरव्वाला लकवा मारला होता. "शब्द समदे गेले," तात्या सांगू लागले. "मराठी तर पुसूनच निगाली. म्हायेर अक्कलकोटकडचं, ल्हानपनीची कानडी तेवढी, चित्र दावलं की वर येती. डाक्टर म्हनले, दावत राव्हा. मी पोरांचं चित्राचं पुस्तक आनलं. त्यात जिराफ. हिनं जिराफ कुटं बघितलाय? दुसऱ्या दिशी पुस्तक फेकूनच दिलं. ल्हान पोरगी हाय का ती? पन मतपत्रिकेचं तसं न्हाय. पयल्यापास्नं मी चिन्न कोरलं की हिला इचारायचो. हिला वाचता येत न्हाय. हिनं वळखलं तर मतदार वळखंल. हिचं काम हाय त्ये. आजून बी कामच समजती."

"मग घरच्यासाठी वेगळी छापा एखादी."

"मतपत्रिकेसारखं आपल्या मनानं छापायचं? त्यो तर आनखी मोठा गुन्हा, भाऊसाहेब."

बिनविरोध गाव म्हणजे तात्यांना काय वाटत असेल, ते आता मला कळत होतं. एकेक उमेदवार म्हणजे इथं एकेक शब्द होता.

निघताना ते दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घोडा आला, छत्री आली, कोंबडा आला. मी न्हाय आलो अजून. माझ्याकडं बघून काय म्हनायचं, ते तिला घावंना. हाक मारायची झाली की नुसती बघत ऱ्हाती. इसरली का काय, कुनाला ठावं. मला इचारायचं धाडस हुईना."

ते प्रूफ मी खिशात घालून आणलं आणि छापखान्यात सगळ्यांदेखत जाळलं. माझं कर्तव्य मी केलं होतं, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून तात्या रिकाम्या टोपीनं घरी जाऊ लागले. "उमेदवार किती?" हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं. इस्माईलभाईंनी एकदा मुद्दाम "कुदुरे लाऊं क्या?" असं विचारलं, तर तात्या म्हणाले, "घोडा आना."

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन एक टिपणी लिहिली. मतदान केंद्रांवर नेमलेल्या मास्तरांना शिक्का कसा मारायचा ते शिकवण्यासाठी नमुना मतपत्रिका छापून घ्याव्यात. त्या नमुन्याच्या असल्यानं छापखान्याबाहेर नेण्यास हरकत नसावी. साहेबांनी वाचली. सही करायला पेन उचललं आणि सोबतचा आराखडा बघून थांबले.

"भाकरी, चूल, पाळणा, पोळपाट? ही चिन्हं यादीत आहेत कुठे?"

"नाहीत म्हणूनच घेतली, साहेब. खरं चिन्ह नमुन्यावर आलं, तर एखाद्याचा फुकट प्रचार झाला म्हणून तक्रार यायची."

साहेब माझ्याकडे पहिल्यांदाच माणूस म्हणून बघत होते. "हे बरं सुचलं तुला," असं म्हणून त्यांनी सही केली. त्या शिबिरात मास्तर लोकांनी मतं दिली आणि पोळपाट भरघोस मतांनी निवडून आला, पण ते जाऊ द्या.

तात्यांना मी मंजूर कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग डोळ्यांजवळ नेऊन साहेबांची सही बघितली. त्या दिवसापासून पातं हातातून सुटेना. चुलीत जाळ असा कोरला की हात शेकावेत. भाकरीवर फोड आणला. नमुन्यात बारा रकाने होते. अकरा भरले. बाराव्यात काय घालायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बघतो."

दुसऱ्या दिवशी बारावा ठसा तयार होता. इस्माईलभाईंनी प्रूफ काढलं आणि ओरडले, "अरे, ये तो तात्या है!" खरंच होतं. टोपी, खोल गेलेले गाल, पुढे आलेलं बाकदार नाक. तोंड डावीकडे, नियमाप्रमाणे. बाकी अकरा उमेदवारांना मी खोटी नावं दिली होती. या चित्रासमोरची जागा तात्यांनी कोरी ठेवली होती.

"नाव?" मी विचारलं.

"तिनं माझं नाव कधी घेतलंय? छापून काय करायचं?"

नमुने छापून झाले. एक प्रत मी तात्यांना रीतसर सही घेऊन दिली. आणि या वेळी लपूनछपून जायचं कारण नसल्यानं दुपारी त्यांच्या बरोबरच गेलो. खरं सांगायचं तर मला राहवत नव्हतं.

गौरव्वानं मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण डोक्यावरचा पदर डाव्या हातानं सारखा केला. कोपऱ्यात सकाळची भाकरी ताटाखाली झाकून ठेवलेली होती. तात्या नेहमीच्या जागी बसले. "रोट्टी," ती म्हणाली. "ओले," चुलीला. पाळण्यापाशी थोडी अडली आणि मग एकदम "तोट्टिलु" म्हणाली. नवे शब्द असे एकामागोमाग येत होते आणि तात्या प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते. अकरा झाले. मग त्यांनी बाराव्या रकान्यावर बोट ठेवलं.

तिनं चित्र पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं.

"हुंजा," ती म्हणाली. कोंबडा.

तात्या हसले. "बरोबर हाय. नाकच तसलं हाय माझं," असं मला म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले. ती घडी काही केल्या नीट बसेना. मला तिथं थांबवेना. मी उठलो, येतो म्हणालो आणि चपलेत पाय घातला.

तेवढ्यात गौरव्वानं डावा हात वर केला. मला थांबवलं. हनुवटीनं तात्यांकडे खूण केली आणि एकेक शब्द जड जिभेवरून ओढत, रागानं, मला म्हणाली, "नम्मवरु ऊटा माडिल्ला."

नम्मवरु म्हणजे आमचे हे. आमच्या ह्यांचं जेवण झालेलं नाही. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला एवढं कानडी कळतं. तिचं त्या कागदाकडे लक्षही नव्हतं. दुपारी घरी येऊन नवरा चित्रं दाखवत बसतो आणि उपाशी परत जातो, ही तक्रार ती आलेल्या पाहुण्याकडे करत होती.

तात्या उठले. हात धुतो म्हणून मोरीत गेले, आणि बराच वेळ आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मग बाहेर आले, कोपऱ्यातलं ताट ओढून घेतलं आणि तिच्यासमोर जेवायला बसले.